पुस्तकाच्या सातबाऱ्यावरची नावं

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातलं निघोजे हे गाव आता मोटारगाड्यांमुळे ओळखलं जातं. फोक्सवॅगन आणि महिंद्र या कंपन्यांचे मोठे कारखाने याच परिसरात आहेत. पाळी सुटली की कामगारांच्या बसगाड्यांची रांग लागते आणि रस्ता ओलांडायला दहा मिनिटं थांबावं लागतं. पण गावाच्या दुसऱ्या अंगाला इंद्रायणी आहे. देहूहून आलेली ही नदी निघोज्याच्या कडेने पुढे आळंदीला जाते. निघोजे मध्याला धरून दहा-बारा किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर त्यात देहू येतं, आळंदी येते, चाकण येतं, सुदुंबरे येतं आणि देहूरोडही येतं. मराठी घरांत आदराने ठेवल्या जाणाऱ्या तीन ग्रंथांचे धागे या वर्तुळात सापडतात. ते ग्रंथ कोणी रचले हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ते पूर्ण व्हावेत, टिकावेत, छापले जावेत म्हणून कोणी खस्ता खाल्ल्या आणि त्यांचे आभार मानले गेले की नाही, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. मित्रहो, आज ती सांगायची आहे.

ज्या गावाची शेतं औद्योगिक वसाहतीत गेली, तिथल्या माणसाला सातबारा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर एका बाजूला भोगवटादाराचं, म्हणजे आपण मालक म्हणतो त्याचं नाव असतं. दुसऱ्या बाजूला ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. कुळाचा हक्क, सोसायटीचा बोजा, विहिरीतला वाटा, बहिणीचं नाव हे सगळं तिथे येतं. जमीन एकाची दिसते, पण तिच्यावर कोणाकोणाचं देणं आहे ते या रकान्यावरून कळतं. पुस्तकाचंही तसंच आहे. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव असतं. ‘ऋणनिर्देश’ किंवा ‘आभार’ असं वर लिहिलेलं पान हा त्या पुस्तकाचा इतर अधिकारांचा रकाना. आपण ते पान शिष्टाचार समजून उलटतो. माझं म्हणणं असं की तो हक्काचा कागद आहे, आणि तो गहाळ झाला की कोणाचा तरी हक्क बुडतो.

नदीच्या खालच्या अंगाने, आळंदीपासून सुरुवात करू. ज्ञानेश्वरी सांगितली गेली नेवाशाला. पण ज्ञानदेवांची समाधी आळंदीत असल्यामुळे ग्रंथाची आठवण आळंदीशीच जोडलेली आहे. या ग्रंथाच्या अगदी शेवटी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, हे साल दिलेलं आहे आणि सच्चिदानंदबाबा यांनी आदराने लेखन केलं अशी नोंद आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथाचा शेवट करताना लिहून घेणाऱ्याचं नाव सांगितलं जातं, ही साधी गोष्ट नाही. आख्यायिका अशी, की सच्चिदानंदबाबा मृत्युमुखी पडले होते, त्यांची पत्नी सती जायला निघाली होती, आणि ज्ञानदेवांनी त्यांना उठवलं. मग त्यांनी लेखणी हाती घेतली. आख्यायिका बाजूला ठेवली तरी उरतं ते हे, की ऐकून लिहिणाऱ्या माणसावाचून तो ग्रंथ आपल्यापर्यंत आला नसता, आणि ग्रंथानेच ते मान्य केलं आहे. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठभेदांनी गढूळ झालेली प्रत शुद्ध केली. त्या कामाची नोंदही ग्रंथाच्या शेवटी आहे. तेव्हा मराठीतला ऋणनिर्देश हा काही इंग्रजी अमदानीत आलेला प्रकार नाही. तो सातशे वर्षांहून जुना आहे.

आता नदीच्या वरच्या अंगाला, देहूला जाऊ. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली आणि तेरा दिवसांनी ती वर आली, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. कोणी म्हणतात वह्या तरल्या. कोणी म्हणतात लोकांना अभंग तोंडपाठ होते, त्यामुळे ते बुडूच शकत नव्हते. दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: गाथा राखणारी माणसं होती. त्यांतले एक संताजी जगनाडे. जन्म १६२४ चा, चाकणचा. व्यवसाय तेलाच्या घाण्याचा. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत ते होते आणि तुकोबांचे अभंग त्यांनी वहीत उतरवून ठेवले. आज चाकणला यंत्रांना तेल घालणारे हजारो हात आहेत. तिथल्याच एका तेल्याच्या हाताने मराठी कवितेचं हे धन जपलं. दुसरे गंगाधरपंत मवाळ, म्हणजेच मावळकर, खेड तालुक्यातल्या कडूसचे. तेही लेखक. एक तेली, एक ब्राह्मण, आणि दोघांच्या मध्ये एक वाणी कवी. कागद जातपात विचारत नव्हता.

संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. तिथे एक आख्यायिका सांगतात. तुकोबा आणि संताजी यांनी एकमेकांना वचन दिलं होतं, की जो मागे राहील त्याने पुढे गेलेल्याला माती द्यायची. तुकोबा आधी गेले. पुढे संताजी गेले तेव्हा कितीही माती लोटली तरी त्यांचा चेहरा झाकेना. अखेर तुकोबा आले, तीन मुठी माती घातली, आणि मग समाधी पूर्ण झाली. इतिहासाच्या कसोटीला ही गोष्ट लागणार नाही. पण ती कोणाच्या मनातून आली असेल याचा विचार मी पुष्कळदा करतो. लोकांना वाटलं असणार, की ज्याने आपले शब्द जपले त्याचं देणं कवीला वैकुंठातही चुकत नाही, ते फेडायला त्याला परत यावं लागतं. मातीच्या तीन मुठी हाच त्या काळचा ऋणनिर्देश.

आम्हा मुसलमानांतही याच्या जवळचा एक रिवाज आहे. जनाजाची नमाज होण्याआधी मयताचा मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो, की मयताकडे कोणाचं काही देणं राहिलं असेल तर त्याने मला येऊन भेटावं. माती देण्याआधी कर्ज जाहीर झालं पाहिजे. आणि माणसांचे आभार जो मानत नाही त्याने अल्लाचेही मानले नाहीत, ही पैगंबरसाहेबांची शिकवण घरातली वडीलधारी माणसं आम्हाला लहानपणीच ऐकवत. देहूत तुकोबांच्या पालखीचा पहिला विसावा अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होतो, हे तुम्हाला माहीत असेल. वारीला निघताना आधी शेजाऱ्याचं देणं आठवावं, असाच त्याचा अर्थ मी घेतो.

हस्तलिखितांच्या काळात हात लागत होते. छापखाना आला आणि पैसा लागू लागला. मुंबई सरकारने तुकोबांची समग्र गाथा छापण्यासाठी २४ हजार रुपये मंजूर केले. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ती संपादित केली. १८६९ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून पहिला भाग निघाला, १८७३ मध्ये दुसरा. त्या काळात २४ हजार म्हणजे डोळे पांढरे करणारी रक्कम. पण या आवृत्तीचं मोठेपण मला दुसऱ्या गोष्टीत वाटतं. संपादकांनी पाठ कुठून घेतले हे सांगितलं: देहूची प्रत, कडूसची प्रत, तळेगावच्या त्र्यंबक कासार यांची प्रत, पंढरपूरची प्रत. सरकारने पैसा दिला खरा, पण पिढ्यानपिढ्या फडक्यात बांधून वह्या जपणारी ही घरं नसती तर छापायचं काय होतं? पुढे १९१९-२० च्या सुमारास ठाण्याच्या वि. ल. भावे यांनी संताजींच्या वहीवरून गाथा प्रसिद्ध केली. चाकणच्या तेल्याचं नाव त्यामुळे अडीच-पावणेतीनशे वर्षांनी छापील पुस्तकाशी जोडलं गेलं. सातबाऱ्यावर नाव चढायला कधी कधी एवढा उशीर लागतो.

आता जोतीराव फुल्यांकडे येतो. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं. पेशवाईतली रमण्यावरची दक्षिणा इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवण्यात आली होती, तीच ही कमिटी. नाटक नाकारलं गेलं आणि ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. ज्याला सरकारी आश्रय मिळाला नाही, असा हा लेखक. म्हणून त्याने आभार कोणाचे आणि कसे मानले, हे बघण्यासारखं आहे. १८७३ साली ‘गुलामगिरी’ निघाली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण होऊन. तिथल्या निग्रो गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जी कळकळ आणि जो त्याग दाखवला, त्याच्या सन्मानार्थ. त्या लोकांनी पुस्तकाला छदाम दिला नव्हता. पुण्यात असा कोणी ग्रंथ लिहितो आहे याची त्यांना वार्ताही नव्हती. त्यांनी दिलं होतं ते एक उदाहरण. उदाहरणाचंही ऋण असतं आणि ते हिशेबात धरायचं असतं, हे जोतीरावांनी दाखवलं.

दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला. त्याच्या सुरुवातीचं निवेदन प्रत्येक लिहिणाऱ्याने एकदा वाचावं. ग्रंथ जसजसा तयार होत गेला तसतसा तो कुठे कुठे वाचून दाखवला त्या गावांची नावं तिथे दिली आहेत. मुंबई, पुणे, ठाणे तर आहेतच. जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशी गावंही आहेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आपल्या मंडळींसह ग्रंथ अथपासून इतिपर्यंत ऐकला आणि पैशाने साह्य केलं, त्याबद्दल जोतीरावांनी त्यांचे मोकळ्या मनाने आभार मानले आहेत. आणि त्याच निवेदनात, पहिले दोन भाग छापून पुढचे भाग छापायला कां-कू करणाऱ्या छापखानेवाल्याला त्यांनी चार खडे बोलही सुनावले आहेत. म्हणजे जमाही लिहिली आणि येणे बाकीही लिहिली. राजाचं नाव आलं म्हणून ओतूरचं नाव पुसलं नाही. चाकणवरून जुन्नरकडे जाणाऱ्या रस्त्याने मी जातो तेव्हा मनात येतं, की दिव्याच्या उजेडात बसून तो ग्रंथ ऐकणारे शेतकरी हेच त्याचे पहिले आश्रयदाते. त्यांनी दिलं ते आपलं ऐकणं. पुस्तक लिहिताना ते किती लागतं हे लिहिणाऱ्यालाच कळतं.

विसाव्या शतकात आश्रयदाता बदलला. एका राजाच्या जागी अनेक वर्गणीदार आले. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर परदेशातून शिकून आले आणि त्यांनी मराठीत ज्ञानकोश करायचं मनात घेतलं. कोणा एका धनिकाच्या दारात न बसता त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली. नागपुरात सुरुवात झाली, मग काम पुण्याला आलं. स्वतः हिंडून त्यांनी भागीदार आणि वर्गणीदार जमवले. १९२० ते २९ या काळात २३ खंड बाहेर पडले. या खटाटोपाचा हिशेब त्यांनी १९२७ मध्ये वेगळं पुस्तक लिहून दिला. त्याचं नाव ‘माझे बारा वर्षांचे काम’. ज्या सामान्य मराठी माणसांनी अजून न लिहिलेल्या ग्रंथासाठी आगाऊ पैसे दिले, त्यांचा विश्वास हे ज्ञानकोशाचं खरं भांडवल होतं. घेणाऱ्यालाही त्याची जाण होती, म्हणून तर त्याने हिशेब दिला.

त्याच सुमारास पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपयांचं वचन दिलं आणि १९१९ मध्ये काम सुरू झालं. ते संपल्याचं राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी जाहीर केलं १९६६ साली. या सत्तेचाळीस वर्षांत कित्येकांनी मदत केली. त्यांत हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान होते. दरसाल एक हजार रुपये असे त्यांनी अकरा वर्षं दिले. संस्थेच्या आवारातल्या अतिथिगृहाला त्यांचं नाव आहे. व्यासांच्या ग्रंथाच्या इतर अधिकारांत निजामाचं नाव! रझाकारांचा काळ कोणी विसरावा असं मी म्हणत नाही, त्याचा हिशेब वेगळ्या वहीत आहेच. पण संस्थेने या वहीतलं नाव खोडलं नाही, ते दाराच्या वर ठेवलं. ऋणनिर्देशाचा खरा कस अशाच ठिकाणी लागतो.

आता या वर्तुळातलं शेवटचं ठिकाण, देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले होते. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची त्यांनी त्या दिवशी स्थापना केली. लष्करी वसाहतीच्या आसपास राहणारा कष्टकरी समाज मोठ्या संख्येने जमला होता. त्या सभेत त्यांनी सांगितलं, की बुद्धाचा धम्म साध्या माणसाला समजेल असा ग्रंथ मी लिहितो आहे. तो ग्रंथ म्हणजे ‘द बुद्ध अँड हिज धम्म’, जो पुढे ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या नावाने मराठीत आला.

ग्रंथ लिहून होत आला, पण छपाईचा खर्च मोठा होता. सप्टेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. छपाईला सुमारे वीस हजार रुपये लागतील; बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त सरकारने पाचशे प्रती विकत घ्याव्यात, ग्रंथालयांना आणि येणाऱ्या विद्वानांना वाटाव्यात, अशी विनंती केली. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा हा अध्यक्ष आपल्या पुस्तकाच्या पाचशे प्रतींसाठी पत्र लिहीत होता. सरकारकडून ते जमलं नाही. लेखक कितीही मोठा असो, पुस्तक छापायच्या वेळी त्याला कोणाच्या तरी दारात उभं राहावंच लागतं.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी प्रास्ताविकही लिहून ठेवलं होतं. त्यात आभार होते. सततच्या आजारपणाने आपली प्राणज्योत विझत आली होती, ती पुन्हा पेटली ती पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, त्या दोघांमुळेच हे काम पुरं झालं, अशा आशयाची कृतज्ञता त्यांनी नोंदवली होती. ग्रंथ वाचून देण्यात आणि मुद्रितं तपासण्यात रस घेणारे म. भि. चिटणीस यांचाही उल्लेख होता. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री त्यांनी नानकचंद रत्तू यांच्याकडून ही टंकलिखित पानं मागून घेतली, उशाशी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेल्याचं जगाला कळलं.

१९५७ मध्ये मुंबईच्या सिद्धार्थ प्रकाशनाने ग्रंथ काढला. त्यात हे आभाराचं पान नव्हतं. मधल्या काळात बाबासाहेबांच्या पत्नी डॉ. सविता आंबेडकर, म्हणजे माईसाहेब, यांच्यावर संशयाचं सावट आलं होतं. सरकारी चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचं सांगितलं गेलं, तरी लोकांच्या मनातलं जळमट गेलं नाही. अनेक वर्षं त्या चळवळीपासून दूर एकाकी राहिल्या. ते प्रास्ताविक लोकांसमोर आलं १९८० मध्ये, भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावनांचं पुस्तक काढलं तेव्हा. म्हणजे तेवीस वर्षांनी. १९९० साली बाबासाहेबांचं भारतरत्न माईसाहेबांनी स्वीकारलं. २००३ मध्ये त्या वारल्या. नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेली साक्ष पहिल्या आवृत्तीतच घरोघर गेली असती, तर त्या बाईच्या वाट्याला काय आलं असतं आणि काय टळलं असतं, हे तुम्हीच मनात आणून बघा. आभाराचं पान शिष्टाचाराचं असतं असं ज्याला वाटतं, त्याला मी ही एवढी एकच हकीगत सांगतो.

हे सगळं मी आज का काढून बसलो आहे, तर माझा एक कवितासंग्रह सध्या छपाईला गेला आहे. मराठी कवितेचं पुस्तक कसं निघतं हे या क्षेत्रातल्या लोकांना माहीत आहे. मी निघोज्यात आणि आसपासच्या गावांत प्रकाशनपूर्व सवलतीच्या पावत्या फाडल्या. पुस्तक पाच फॉर्मचं, म्हणजे ऐंशी पानांचं. आभाराचं पान धरलं तर ते एक्याऐंशी होतं. छपाई बघणारे गृहस्थ म्हणाले, “चाचा, एका पानासाठी आणखी फॉर्म कशाला? आभार गाळा, ते कोण वाचतं?” सल्ला व्यवहाराचा होता. मी एक कविता काढली आणि आभाराचं पान ठेवलं.

नावं लिहायला बसलो तेव्हा गावच्या सप्ताहाची आणि उरुसाची वही डोळ्यांपुढे होती. आमच्याकडे सप्ताहाला कोणी एक दिवसाची पंगत देतो, कोणी मांडव, कोणी दोन किलो साखर. माइकवरून सगळ्यांची नावं सारख्याच आवाजात घेतली जातात. मोठ्या देणगीदाराचा आता फ्लेक्स लागतो ही गोष्ट वेगळी. पण वहीत साखरेची ओळ पंगतीच्या ओळीएवढीच असते. मीही तसंच केलं. रकमा लिहिल्या नाहीत. निवृत्त गुरुजींनी ऱ्हस्व-दीर्घ तपासले, डीटीपी करणाऱ्या मुलीने ‘ग़ज़ल’मधल्या नुक्त्यासाठी तीनदा फोन केला, कँटीनमध्ये काम करणाऱ्या बिहारच्या मुलाने, त्याला मराठी वाचता येत नसताना, एक पावती फाडून घेतली. तो म्हणाला, “आप पढ़के सुना देना.” ओतूरच्या शेतकऱ्यांच्या रांगेत मी त्याला बसवलं आहे. एका गृहस्थांनी पैसे देऊन सांगितलं, नाव छापू नका. सप्ताहाच्या वहीत असतं तसं त्यांच्या जागी ‘गुप्तदान’ लिहिलं.

बायकोने भिशीचे पैसे काढून दिले होते. ती म्हणाली, “घरच्या माणसाचं नाव कशाला? लोक हसतील.” मी तिला बाबासाहेबांच्या त्या पानाची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतलं, थोड्या वेळाने म्हणाली, “मग नीट लिहा, नुसतं ‘पत्नी’ लिहू नका.” यादीत तिचं पहिलं नाव आहे, पूर्ण, तिच्या माहेरच्या आडनावासकट.

जाता जाता एक विनंती. तुमच्या घरी, गावच्या वाचनालयात जुनी पुस्तकं असतील. त्यांच्या सुरुवातीला किंवा शेवटी आश्रयदात्यांची, आगाऊ वर्गणीदारांची यादी असते. बांधणी सुटली की आधी हीच पानं गळतात, आणि नवं बाइंडिंग करताना ती कामाची नाहीत म्हणून टाकूनही दिली जातात. तसं होऊ देऊ नका. बाइंडरला सांगा, ही पानंही शिवायची आहेत. त्या यादीत एखाद्या गावच्या मास्तराचं, एखाद्या वाण्याचं, कदाचित तुमच्या पणजोबांचं नाव असेल. त्यांनी तेव्हा रुपया-दोन रुपये दिले म्हणून ते पुस्तक तुमच्या हातात आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)